हॉर्टन प्लेन्सला जाताय? निदान या चुका टाळा

श्रीलंकेत पाठीवर सॅक टाकून फिरणारे बरेच जण नुवारा एलिया या थंड हवेच्या गावात मुक्काम ठोकतात आणि एक सकाळ जवळच्या हॉर्टन प्लेन्स राष्ट्रीय उद्यानासाठी राखून ठेवतात. निघतात मात्र निवांत नाश्ता करून, आठ वाजता. तिथेच दिवस हातचा जातो. उद्यानातल्या 'वर्ल्ड्स एंड'च्या कड्यावरून साधारण 870 मीटर खोल दरी दिसते, ती बहुतेक वेळा सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतच. मग खालून धुकं चढतं आणि सगळं पांढरंफटक. कोकणकड्यावर बसलेल्यांना हे नवीन नाही. फरक एवढाच की इथे परदेशी दराचं तिकीट काढून धुकं बघावं लागतं.

फाटक सहाला उघडतं. अंतर तीसेक किलोमीटर असलं तरी रस्ता चढाचा, वळणांचा. दीड तास धरा. म्हणजे पहाटे साडेचारला गाडी दारात हवी. हॉस्टेलवाल्याला नाश्ता बांधून द्यायला रात्रीच सांगून ठेवा. टुकटुक स्वस्त पडते, पण त्या गारठ्यात उघड्यावर बसून काकडायला होतं. चार जण जमवून व्हॅन करा.

'पैसे वाचवू, रेल्वेनं जाऊ' हा हिशेबही फसतो. पट्टीपोला आणि ओहिया ही जवळची स्टेशनं, पण तिथूनही फाटक दहाएक किलोमीटर वर, आणि गाड्यांच्या वेळा धुक्याशी जुळत नाहीत. रेल्वे परतीला ठेवा.

फाटकावर बॅगा तपासतात. पॉलिथिनच्या पिशव्या, बिस्किटांची वेष्टनं काढून घेतात, पाण्याच्या बाटलीचं लेबलसुद्धा सोलतात. मागे रांग खोळंबलेली आणि आपण सॅकच्या तळाशी पिशव्या शोधतोय, हे टाळायचं तर खाणं सरळ स्टीलच्या डब्यात न्या. या कडकपणाला कारण आहे. पार्किंगपाशी सांबरं माणसाळल्यासारखी जवळ येतात, लोक कौतुकानं खायला घालतात, आणि अन्नाच्या वासानं प्लास्टिक गिळून इथली सांबरं मेलेली आहेत. फोटो काढा, बिस्किट देऊ नका.

आतली फेरी साधारण नऊ किलोमीटरची, तीन-साडेतीन तासांची. फाट्यावर आधी कड्यांची बाजू धरा; बेकर्स फॉल्स परतीला. धबधबा धुक्यातही दिसतो, दरी दिसत नाही. एवढं साधं गणित असून निम्मे लोक उलटे का जातात, कोण जाणे.

उशीर झालाच आणि समोर धुकं असेल, तर लगेच पाठ फिरवू नका. अर्धा तास थांबा. वारा असेल तर पडदा मधेच फाटतो आणि खालचे चहाचे मळे क्षणभर दिसून जातात. तोवर कड्याच्या टोकाशी सेल्फीची कसरत नको. धुक्यात कडा कुठे संपतो ते कळत नाही. ड्रोन तर नेऊच नका, परवानगीशिवाय चालत नाही.

कोरडे महिने जानेवारी ते मार्च, पण तेव्हाच पहाटे दहिवर गोठतं. लोकरी टोपी आणि विंडचीटर हवंच, आणि ऊन वर आलं की सनस्क्रीनही. दोन हजार मीटरवर गार हवेत कातडी भाजल्याचं संध्याकाळी कळतं. पोयाच्या, म्हणजे पौर्णिमेच्या सुट्टीला आणि शनिवार-रविवारी गर्दी असते.

पुढे रेल्वेनं एल्ला या गावाला जायचं असेल, तर मोठी सॅक व्हॅनमध्येच टाका आणि ड्रायव्हरला ओहियाच्या बाजूनं उतरायला सांगा. रेल्वेगाडीची वेळ आदल्या दिवशी स्टेशनवर विचारून ठेवा; ओहियात ती चुकली, तर पुढच्या गाडीपर्यंत करण्यासारखं फारसं काही नाही.