इंटरनेट कंपनी बदलताय? या चुका टाळा

जुनं कनेक्शन आधी तोडून मग नव्याची वाट बघत बसू नका. नवीन फायबर आलं तरी निदान आठ दिवस दोन्ही लाइन चालू राहू द्या. एकाच फायबरवर स्प्लिटर (एका फायबरच्या अनेक शाखा करणारा तुकडा) लावून साधारण ३२ किंवा ६४ घरं जोडलेली असतात, म्हणून खरी परीक्षा सगळे एकदम वापरतात तेव्हा, रात्री नऊ ते अकराला. दुपारी बाराला कुठलीही लाइन पळते.

स्पीड मोजायचा तो राउटरपासून लॅपटॉपला लॅन केबल लावून. २०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही आकडा ९३-९५ च्या पुढे हलत नसेल, तर कंपनीला फोन लावण्याआधी केबलचं टोक बघा. प्लगमध्ये आठाऐवजी चारच तारा बसवलेल्या असतील, तर स्पीड १०० वरच अडतो. नाशिकमध्ये सिडकोत, इंदिरानगरात गच्चीवरून आलेली जुनी केबल तशीच वापरली जाते, तिथे हे हमखास सापडतं. आठही तारांची कॅट-५ई टाका. तरीही फरक पडला नाही, तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच १०० चा असू शकतो.

टेक्निशियन निघण्याआधी त्याला फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणारं पॉवर मीटर लावायला सांगा. आकडा उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर ठीक. उणे २७ च्या खाली गेला की लाइन तुटत राहणार. एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला, तर आधी टीव्हीच्या कपाटामागे बघा, वायर काटकोनात दुमडलेली असते. वेटोळं हाताच्या पंजाएवढं मोठं ठेवा, खिळा ठोकू नका. हिरव्या कनेक्टरचं टोक तिरकं घासलेलं असतं. ते निळ्यात घालू नका आणि पांढऱ्या टोकाला बोटही लावू नका.

पंचवटीतल्या वाड्यांच्या जाड भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय फारसं पोचत नाही. मागच्या खोलीत जुना राउटर लावा, पण नुसता जोडू नका. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असला, तर नेट येत-जात राहतं. जुन्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅनमध्ये (बाहेरून नेट येण्याच्या पोर्टमध्ये) न घालता लॅन पोर्टमध्ये घाला. नव्या राउटरवर वायफायचं नाव आणि पासवर्ड अक्षरन्‌अक्षर जुनाच ठेवलात, तर टीव्ही, कॅमेरे बहुधा आपोआप जोडले जातात.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मात्र वेगळीच पंचाईत होते. डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला) पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट जोडायची सोय, असेल, तर कंपनी बदलल्यावर कॅमेरे घरून दिसेनासे होतात. राउटरमध्ये वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत पोचता येत नाही. स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) मिळेल का आणि कितीला, हे पैसे भरण्याआधीच विचारा.

पावसाळ्यात वीज गेली तरी नेट चालू राहावं म्हणून छोटा यूपीएस घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळवा. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात.

जुनी लाइन बंद करायचा अर्ज लेखीच द्या. लँडलाइन नंबर नव्या कंपनीत नेता येत नाही, तेव्हा बँकेत तो दिला असेल तर आधी बदला. जुन्या कंपनीचा राउटरचा डबा परत देताना सिरियल नंबरचा फोटो काढा आणि पावतीवर अडॅप्टरचाही उल्लेख करून घ्या, नाहीतर डिपॉझिटमधून त्याचे पैसे कापले जाऊ शकतात.