रोमन इतिहासावरची जुनी छापचित्रं: या चुका टाळा

रोमन वेशातली माणसं हात उंचावून शपथ घेताना दिसली, की चित्राच्या नोंदीत ‘फ्रेंच राज्यक्रांती’ लिहून मोकळं व्हायचं, ही चूक सगळ्यात जास्त दिसते. चित्रकार गॅव्हिन हॅमिल्टनच्या चित्रात राजपुत्राच्या अत्याचाराची बळी ठरलेली रोमन स्त्री ल्युक्रीशिया प्राण सोडतेय आणि ब्रूटस खंजीर धरून राजाला हाकलण्याची शपथ घेतोय. डोमेनिको कुनेगोचं त्यावरचं एन्ग्रेव्हिंग (धातूच्या प्लेटवर खोदून काढलेला छाप) १७६८ चं, म्हणजे पॅरिसचा बास्तीय तुरुंग पडून क्रांती पेटण्याच्या २१ वर्षं आधीचं!

फ्रेंच चित्रकार दाविदचा ‘ब्रूटस’ तर भल्याभल्यांना चकवतो. राजाला परत आणण्याचा कट करणाऱ्या मुलांची प्रेतं लिक्टर (रोमन अधिकाऱ्यांचे सेवक) घरी आणताहेत. ज्यानं शिक्षा दिली तो बाप रोमा देवीच्या पुतळ्याच्या सावलीत बसलाय. उजेड आहे तो आक्रोश करणाऱ्या बायकांवर आणि टेबलावरच्या शिवणाच्या टोपलीवर. हे काम राजदरबारानंच दिलेलं. १७८९ च्या प्रदर्शनात ते लागलं, तोवर बास्तीय पडून महिना उलटला होता. नोव्हेंबर १७९० मध्ये फ्रेंच लेखक व्होल्तेरचं ‘ब्रूटस’ नाटक पॅरिसमध्ये पुन्हा आलं आणि शेवटी नटांनी हेच दृश्य रंगमंचावर हुबेहूब उभं केलं. प्रजासत्ताकाचा अर्थ त्याला असा चिकटत गेला. म्हणून चित्राचं साल आणि छापाचं साल वेगळ्या रकान्यांत लिहा. छाप कोणासाठी काढला, हे दुसऱ्या सालावरून कळतं.

त्यासाठी भिंग घेऊन आधी चित्राखालची मजकुराची पट्टी वाचा. ‘पिंक्सिट’ म्हणजे रंगवणारा, ‘स्कल्प्सिट’ खोदणारा, ‘एक्सकुडिट’ प्रकाशक. १७३५ च्या कायद्यामुळे ब्रिटिश छापांवर बहुधा प्रकाशनाची तारीखही मिळते. मधोमध अर्पणाची ओळ आणि कुलचिन्ह असतं. फ्रान्समध्ये जून १७९० मध्ये कुलचिन्हं रद्द झाली, त्यामुळे फ्रेंच प्लेटवर तिथं खरवडल्याची खूण दिसली तर ती जरूर नोंदवा. फ्रेममध्ये नीट बसावं म्हणून ही पट्टी कापणं अक्षम्य आहे. अर्धा पुरावा तिथंच जातो.

दोन ब्रूटसांची गल्लत नको. राजे हाकलणारा ल्युशियस, सीझरला मारणारा मार्कस. मध्ये साडेचारशेहून जास्त वर्षं आहेत.

काठ्यांची मोळी आणि कुऱ्हाड म्हणजे लिक्टरचे फॅसेस, रोमन अधिकाराची खूण. मुसोलिनीच्या फॅसिस्टांनी ती फार नंतर उचलली, म्हणून तिथं मुसोलिनी आणू नका.

छापात चित्र कधी आरशातल्यासारखं उलटं येतं. छाप उलटा आहे का, हे तलवार उजवीकडे दिसली एवढ्यावरून ठरवू नका. साधा रोमन शिपाई ती उजव्या कुशीलाच लावायचा. मूळ चित्र शेजारी ठेवा. दाविदचा ब्रूटस डावीकडे बसलाय, छापात उजवीकडे दिसला तर छाप उलटा.