चार पीच आणि एक चुकलेला उच्चार: सिएनात इटालियन शिकताना

सिएनाच्या जुन्या किल्ल्याभोवती दर बुधवारी बाजार भरतो. आमचा गट तिथं पोचून दोनच दिवस झाले होते. मी पहिल्यांदाच एकटी फळवालीसमोर उभी राहिले. तिनं माझ्याकडे बघून म्हटलं, "दीका!" हा शब्द वर्गात आला नव्हता. त्याचा अर्थ साधा, 'बोला'. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो तसं. मला चार पीच हवे होते. मी म्हटलं, "क्वात्त्रो पेशे." बाईंनी मान हलवली आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बोट दाखवलं. तिकडे मासळीची गाडी उभी होती.

पेशे म्हणजे मासा. पीच एकाहून जास्त असले की ते पेस्के. लिहिताना फरक एका अक्षराचा, 'सी'नंतर 'एच' आला की उच्चार 'क' होतो. हा नियम मी निघण्याआधी वहीत तीनदा तरी लिहिला असेल. फळवालीनं एक पीच माझ्या हातात ठेवलं, "पेस्के" असं दोनदा म्हटलं, माझ्याकडून म्हणवून घेतलं आणि मगच चार फळं कागदी पिशवीत घातली. नियम मला आला तो त्या क्षणी.

विद्यार्थ्यांच्या गटाबरोबर भाषा शिकायला इटलीत जाणाऱ्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगते: रोज थोडा वेळ गटातून बाहेर पडा. गटाचे फायदे खरे आहेत. घरचे निर्धास्त असतात, आजारी पडलं तर सोबत असते, कागदपत्रं कोणीतरी बघतं. पण चौदा मराठी मुलंमुली एकत्र चालायला लागली की चालता चालता एक मराठी गाव तयार होतं. पहिले दोन दिवस आमचं तसंच झालं. सोबत आलेले सर सगळ्यांची कॉफी एकदम मागवायचे, बसची तिकिटं तेच काढायचे, दुकानदारानं काही विचारलं तर उत्तरही तेच द्यायचे. त्यांचा हेतू चांगला होता. पण आम्ही इटलीत होतो आणि आमच्या कानावर इटालियन पडत होतं ते फक्त सकाळी नऊ ते एक.

वाट दाखवली वर्गातल्या बाईंनी. त्यांनी रोज एक काम द्यायला सुरुवात केली. प्रत्येकानं दुपारी अर्धा तास एकट्यानं जायचं, एक गोष्ट कुणाला तरी विचारायची आणि उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं. सिएनात विचारायला विषय शोधावा लागत नाही. हे गाव सतरा कोंत्रादांमध्ये विभागलेलं आहे. कोंत्रादा म्हणजे मोहल्ला म्हणा, पण माणसं त्यात जन्मतात आणि आयुष्यभर त्याच कोंत्रादाची राहतात. प्रत्येकीचा झेंडा वेगळा, चिन्ह वेगळं: हंस, गोगलगाय, घुबड, कासव. २ जुलै आणि १६ ऑगस्टला कांपोच्या चौकात पालिओ, म्हणजे घोड्यांची शर्यत, होते. आम्ही ऑगस्टच्या सुरुवातीला होतो, त्यामुळे संध्याकाळी गल्ल्यांमधून ढोलांचा सराव ऐकू यायचा. एका दारापाशी खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांना मी झेंड्याकडे बोट दाखवून विचारलं, "के आनिमाले ए?" हा कोणता प्राणी? "ब्रूको," ते म्हणाले. सुरवंट. मग ते वीस मिनिटं बोलत राहिले. मला त्यातलं चतुर्थांश समजलं असेल. पण थांबवावं असं एकदाही वाटलं नाही, आणि 'ब्रूको' हा शब्द मी आता विसरणं शक्य नाही.

अशा बोलण्यात दोन वाक्यं कायम तयार ठेवा. "पुओ रीपेतेरे?" पुन्हा सांगाल का? आणि "मी कोर्रेग्गा, पेर फावोरे," माझं चुकलं तर दुरुस्त करा. दुसरं वाक्य ऐकलं की इटालियन माणूस तुमच्याशी इंग्रजीत बोलायचा बहुधा थांबतो. हे वाक्य मला आधी माहीत असतं तर पहिले दोन दिवस वाया गेले नसते.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, ती. आपण इटालियन इंग्रजीतून शिकतो. पुस्तकं इंग्रजी, ॲप इंग्रजी, समजावणंही इंग्रजी. त्यामुळे इंग्रजी माणसाला जे अवघड जातं ते आपणही अवघड करून घेतो. वास्तविक मराठी डोक्यात ठेवून इटालियनकडे पाहिलं तर निम्मी वाट चाललेलीच असते.

उच्चारांपासून घ्या. इटालियनमधला 'टी' हा आपला त आहे आणि 'डी' आपला द. आपण मात्र इंग्रजीच्या सवयीनं ट आणि ड म्हणतो. तुत्तो म्हणजे सगळं. ते टुट्टो म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. 'झेड'चा उच्चार करताना वर्गातली जर्मन मुलगी चांगली होती, आणि आम्हीही, कारण तो चमच्यातला च आहे. ग्रात्सिएमधलं 'त्स' म्हणजे दुसरं काही नाही. चिमणीतला च वेगळा, तोही त्यांच्याकडे आहे, 'चाओ'मध्ये. जगातला ज त्यांच्या शून्याच्या शब्दात, म्हणजे 'झेरो'च्या सुरुवातीला. दोन्ही च आणि दोन्ही ज घरूनच घेऊन आलेली माणसं आम्ही, आणि हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

जोडाक्षरांचंही तेच. पेन्ना म्हणजे लेखणी, पेना म्हणजे दुःख. काप्पेल्लो म्हणजे टोपी, कापेल्लो म्हणजे केस. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा फरक आठवडाभर ऐकूच येत नव्हता. आपण 'पत्ता' म्हणताना जीभ त वर क्षणभर थांबते. तसंच थांबायचं, बस.

व्याकरणात तर मला घरी आल्यासारखं वाटलं. 'मी प्याचे' म्हणजे शब्दशः 'मला आवडतं'. एक आवडलं तर प्याचे, अनेक आवडली तर प्याच्चोनो. मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात. इंग्रजीत 'मी' हा कर्ता होतो, म्हणून इंग्रजीतून विचार करणारा इथं रोज अडखळतो. किंवा हे पाहा: मुलगी म्हणते 'सोनो आन्दाता', मुलगा म्हणतो 'सोनो आन्दातो'. मी गेले, मी गेलो. मराठी माणसाला यात समजावण्यासारखं काही उरत नाही. बोलताना 'तू' कुणाला म्हणायचं याचाही विचार आपल्याला सवयीचा आहे, आणि शब्दसुद्धा तोच आहे, तू. आदरार्थी शब्द 'लेई'. फळवाली, औषधाच्या दुकानातली माणसं, बसचा चालक, सगळे लेई. आमच्यातले काही जण सरसकट तू म्हणत सुटले होते, कारण इंग्रजीत तो भेदच नाही.

मराठी फसवते तिथंही सावध राहावं लागतं. 'ती पीच मी घेतली' याला 'ले ओ कोम्प्राते' असं म्हणतात, म्हणजे क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. पण कर्म नंतर आलं तर बदलत नाही: 'ओ कोम्प्रातो ले पेस्के'. मी सवयीनं तिथंही 'कोम्प्राते' म्हणत राहिले आणि हे सुटायला आठवडा गेला. लिंगंही जुळत नाहीत. चंद्र त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, ला लूना. हात ओकारान्त असूनही स्त्रीलिंगी, ला मानो. म्हणून वहीत नुसता शब्द लिहू नका. पुल्लिंगी असेल तर 'इल', स्त्रीलिंगी असेल तर 'ला' लावूनच लिहा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्यातल्या बऱ्याच जणांचा धीर सुटला. वर्गात घराला 'ला कासा' म्हणायला शिकलो होतो आणि रस्त्यावर ऐकू येत होतं 'ला हासा'. आपलंच काही चुकतंय असं वाटायला लागलं. चुकत काही नव्हतं. तोस्कानाची ही बोली आहे, दोन स्वरांच्या मध्ये आलेला क तिथं ह होतो. गंमत म्हणजे इटलीची प्रमाणभाषा उभी राहिली ती याच प्रांतातल्या फ्लॉरेन्सच्या जुन्या साहित्यिक भाषेवर. तिथल्या क्रुस्का अकादमीचा शब्दकोश १६१२ सालचा, आणि देश एक झाला १८६१ मध्ये. ऐकायची सवय करा, पण स्वतः बोलताना कासाच म्हणा.

राहण्याबद्दल माझं मत ठाम आहे. हॉटेल आणि घर असा पर्याय असेल तर घर घ्या, आणि एका घरात दोनच मराठी मुलं असली तर उत्तम. मी ज्या सिन्योरांकडे होते, त्या रोज रात्री आठला जेवायला बसताना एकच प्रश्न विचारायच्या, "कोमे ए आन्दाता ओज्जी?" आजचा दिवस कसा गेला? मग दिवसभराचं सगळं भूतकाळात सांगावं लागायचं. वर्गातल्या चार तासांपेक्षा या पाऊण तासानं मला जास्त बोलतं केलं. दुसऱ्या दिवशीच त्यांनी सांगितलं, "दियामोची देल तू," चल, एकमेकींना तू म्हणू. हे मोठ्या माणसाकडूनच यावं लागतं, आपण सुचवायचं नसतं.

शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढं पुरत नाही. बऱ्याच जणांच्या लेखी मांस म्हणजे 'कार्ने', आणि हॅम त्यात मोडत नाही. "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा प्रोश्युत्तो, सेन्त्सा पेशे" असं एकेक नाव घेऊन सांगा. (पेशे इथं मासाच.) पान्त्सानेल्ला, म्हणजे भिजवलेला पाव, टोमॅटो, काकडी, कांदा आणि तुळशीसारख्या बाझीलिकोच्या पानांची कोशिंबीर, उन्हाळ्यात सगळीकडे मिळते. पावात मीठ नसतं. तोस्कानात तो तसाच करतात.

सहल निवडताना आयोजकांना सरळ विचारा. आठवड्याला वर्गाचे तास किती? वर्गात फक्त आपलाच गट बसणार की इतर देशांचे विद्यार्थीही? पहिल्या दिवशी पातळी ठरवणारी चाचणी आहे का? रोज दुपारी मोकळा वेळ आहे का, की चार वाजता बस तयार? माहितीपत्रकात दहा शहरं असतील तर ती चांगली सहल असेल, पण भाषा त्यात शिकून होणार नाही. आणि निघण्याआधी ए-१ पातळीचं निम्मं तरी करून जा (भाषेच्या पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा, ए-१ सगळ्यांत खालची). शून्यावरून गेलेल्यांचे पहिले चार दिवस आकडे आणि वेळ सांगण्यातच गेले.

कागदपत्रांचं थोडक्यात. नव्वद दिवसांपर्यंतच्या अभ्यासासाठी शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा, अल्पकालीन व्हिसा लागतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मोठ्यांसाठी व्हिसाचं शुल्क ९० युरो आहे, पण अभ्यासासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि सोबतच्या शिक्षकांना शेंगेनच्या नियमाप्रमाणे ते माफ असतं. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. आयोजकांनी खर्चात व्हिसाशुल्क धरलं असेल तर हे जरूर विचारा. अठरा वर्षांखालील मुलांना आईवडिलांचं संमतिपत्र लागतं. त्यांना सरकारी संग्रहालयांत प्रवेश फुकट असतो, म्हणून पासपोर्टची प्रत जवळ ठेवावी. कागदी तिकीट काढून प्रादेशिक रेल्वेत बसण्याआधी स्थानकावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

दोन आठवड्यांत पातळी चढत नाही, हे आधीच मान्य करून जा. होतं ते असं, की कान उघडतो आणि बोलायची भीती जाते. पातळी त्यानंतरच्या वर्षभरात चढते. परीक्षा द्यायची असेल तर सिएनाच्या परदेशीयांसाठीच्या विद्यापीठाची चिल्स, पेरुजाच्या तशाच विद्यापीठाची चेली आणि दान्ते आलिग्येरी संस्थेची प्लीदा, या तिन्हींना मान्यता आहे. इटलीत इटालियनमधून पदवी करायची तर साधारण बी-२ लागतं. मी परत आल्यावर अकरा महिन्यांनी बी-१ दिली.

त्या अकरा महिन्यांत सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो रविवारच्या फोनचा. सिन्योरा अजून तोच प्रश्न विचारतात, आजचा दिवस कसा गेला. मी सांगते, त्या मध्येच थांबवून एखादा शब्द दुरुस्त करतात, मी तो पुन्हा म्हणते आणि पुढे सांगायला लागते. गेल्या रविवारी त्यांनी थांबवलं नाही. मी सांगून संपवल्यावर विचारलं, पुढच्या ऑगस्टमध्ये येतेस का, पीच तेव्हा चांगले असतात.