सोलापुरात बनवलेली एससीआर यंत्रणा जहाजाच्या इंजिनासाठी प्रमाणित करून घेताना

चिंचोळी एमआयडीसीतल्या वर्कशॉपला जहाजाच्या जनरेटर इंजिनासाठी एससीआरची, म्हणजे धुरातला नॉक्स (नायट्रोजनची प्रदूषक ऑक्साइडं) युरियाने मारणाऱ्या यंत्रणेची ऑर्डर आली, तर पत्रा कापण्याआधी दोन गोष्टी विचारा. जहाज कुठल्या पाण्यात जाणार आणि बांधणी कधी सुरू झाली? १३० किलोवॅटवरच्या इंजिनांना मार्पोलच्या, म्हणजे जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सहाव्या परिशिष्टातला १३ वा नियम लागतो. त्यातली कडक टियर ३ मर्यादा उत्तर अमेरिकेच्या उत्सर्जन-नियंत्रित क्षेत्रात १ जानेवारी २०१६ पासून, तर बाल्टिक आणि उत्तर समुद्रात १ जानेवारी २०२१ पासून बांधलेल्या जहाजांना आहे. भारताच्या किनाऱ्यावरच फिरणाऱ्या जहाजाला टियर २ पुरते. १५०० आरपीएमला टियर २ म्हणजे किलोवॅट-तासाला सुमारे ८.२ ग्रॅम नॉक्स, टियर ३ म्हणजे २.१. म्हणजे तीन चतुर्थांश नॉक्स कॅटॅलिस्टमध्येच, जिथे युरियातला अमोनिया नॉक्सशी जुळतो तिथेच, मरायला हवा.

मग लगेच क्लास सोसायटीकडे, म्हणजे जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे जा. इंजिन आणि एससीआर एकत्र टेस्ट बेडवर तपासायचं ती स्कीम ए. दोन्ही वेगवेगळे तपासून शेवटी जहाजावर खात्री करायची ती स्कीम बी. जनरेटरच्या आकाराच्या इंजिनाला आमच्या मते स्कीम ए हीच बरी, कारण चूक जमिनीवरच सापडते.

स्थिर वेगाच्या जनरेटरला डी२ सायकल, म्हणजे ठरलेल्या पाच लोडवरची चाचणी लावतात. १००, ७५, ५०, २५ आणि १० टक्के लोड, सरासरीत धरायची वजनं अनुक्रमे ०.०५, ०.२५, ०.३, ०.३ आणि ०.१. सरासरी मर्यादेत येऊन भागत नाही, १० टक्क्यांचा बिंदू सोडला तर कुठल्याही एका बिंदूला मर्यादेच्या दीडपटीपुढे जाता येत नाही. म्हणून २५ टक्क्यांवर, जिथे धूर गार असतो, तिथे सर्वात जास्त लक्ष द्या.

सोलापुरात चाचणी घेणार असाल तर हवेचं गणित आधी मांडा. चाचणीच्या वेळची हवा चालण्यासारखी आहे का हे सांगणारा आकडा म्हणजे एफए. टर्बो इंजिनासाठी तो काढायचा असा: ९९ भागिले किलोपास्कलमधला कोरडा (बाष्प वगळून) हवेचा दाब, त्याचा ०.७ घात, गुणिले आत येणाऱ्या हवेचं केल्विनमधलं तापमान भागिले २९८, त्याचा १.५ घात. उत्तर ०.९३ ते १.०७ मध्ये नसेल तर चाचणीच बाद. आपल्या उंचीवर कोरडा दाब ९५ किलोपास्कल धरला, तर ४२ अंशांना एफए १.१२ येतो. ३३ अंशांच्या वर गेलात की हद्द ओलांडलीच. एप्रिल-मे टाळा, नाहीतर एअर फिल्टरच्या तोंडाशी हवा गार करून द्या. तापमानही तिथेच मोजायचं असतं, शेडच्या भिंतीवर नाही.

युरिया ट्रकवाला ३२.५ टक्क्यांचा नको, जहाजाला ४० टक्क्यांचा लागतो. एक किलो नॉक्सला ०.६५ किलो युरिया, म्हणजे साधारण १.६ किलो द्रावण. ४०० किलोवॅट लोडवर तासाला २.४ किलो नॉक्स काढायचा तर पंपाने साडेतीन लिटरच्या आसपास द्यायला हवं. मोजपात्र लावून पाहा. पिंप पत्र्याखाली तापू देऊ नका, उष्णतेने युरिया फुटून अमोनिया सुटतो.

नॉक्स उतरत नसेल तर बहुतेक जण युरिया वाढवतात. तसं करू नका. आधी केसिंग उघडून कॅटॅलिस्टच्या विटांच्या कडा पाहा. विटा आणि केसिंगमधली मॅट (फट बुजवणारी गादी) नीट दाबली नसेल तर कडेने काळी रेघ दिसते, तिथून धूर न शिवता निघून जातो. पाच टक्के धूर निसटला तर तेवढा नॉक्स कितीही युरिया मारला तरी तसाच राहतो, वर जादा अमोनिया चिमणीतून जातो. मिक्सिंग पाइपात पांढरे कडक खडे असतील तर धूर पुरेसा तापायच्या आधीच फवारा सुरू होतोय. त्या खड्यांनी बॅकप्रेशर, म्हणजे धुराला बाहेर पडताना होणारा उलटा दाब, वाढतं आणि ते इंजिनवाल्याने दिलेल्या हद्दीबाहेर गेलं तर चाचणीला अर्थ राहत नाही.

इंधनाचीही काळजी घ्या. आपल्या पंपावरच्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएम, तर नियंत्रित क्षेत्रातल्या सागरी इंधनात १००० पीपीएमपर्यंत चालतं. त्या गंधकाचं कमी तापमानाला अमोनियाशी जमून चिकट क्षार होतो आणि कॅटॅलिस्टची छिद्रं बुजतात. फवारा सुरू करायचं तापमान जहाजाच्या इंधनावर ठरवा.

शेवटी टेक्निकल फाईल, म्हणजे सर्व्हेअर (क्लासचा तपासनीस) ज्याच्याशी यंत्रणा ताडून पाहतो ती नोंद. कॅटॅलिस्टचा प्रकार, विटांची संख्या, नोझल, डोसिंगचा तक्ता, बॅकप्रेशरची हद्द, सगळं त्यात हवं. नॉक्सवर परिणाम करणाऱ्या प्रत्येक भागावरचा कोरीव नंबर फाईलशी अक्षरशः जुळला पाहिजे. ऐनवेळी तसाच दुसरा नोझल बसवला तर सर्व्हेअर तिथेच थांबवतो, नॉक्स कितीही कमी असो. बदललेला प्रत्येक भाग रेकॉर्ड बुकात त्याच दिवशी चढवा.