आरोग्य मानसशास्त्राचा शोधनिबंध पाठवताय? पारदर्शकतेच्या या चुका टाळा

“सर, जर्नलवाले विचारतायत, डेटा कुठे ठेवलाय? काय लिहू?” नाशिकमध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संख्याशास्त्रात मदत करताना हा प्रश्न मला दरवर्षी येतो. तो यायला हवा होता पहिला फॉर्म भरून घेण्याआधी.

सर्वांत महागात पडणारी चूक नोंदणीची. मधुमेहाच्या रुग्णांना समुपदेशन किंवा योग देऊन ताण मोजला, तर तीही क्लिनिकल ट्रायलच, औषध नसलं म्हणून सुटका नाही. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआयवर, म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. नंतर गेलात तर वरातीमागून घोडं. नुसता प्रश्नावलीचा अभ्यास असेल तर ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क) या संकेतस्थळावर पूर्वनोंदणी करा, म्हणजे गृहीतक आणि विश्लेषण आधीच लिहून ठेवा; तारखेचा शिक्का बसतो. डेटा आधीच गोळा झालाय? मग मागची तारीख भासवू नका. “पूर्वनोंदणी नव्हती, हे विश्लेषण शोधात्मक आहे” असं पद्धतीच्या विभागात सरळ लिहा; शोधात्मक म्हणजे आधी गृहीतक न ठरवता केलेलं. प्रामाणिक शोधात्मक अभ्यासालाही मोल आहे.

दुसरी चूक बहुतेकांना चूक वाटतच नाही. ताण, झोप, औषधं वेळेवर घेणं, जीवनमान अशा दहा गोष्टी मोजायच्या, एकीत पी-मूल्य ०.०४ आलं (०.०५ च्या रूढ मर्यादेखाली, म्हणजे ‘लक्षणीय’) की गृहीतक पहिल्यापासून तेच होतं असं लिहायचं. खरं तर दहा स्वतंत्र चाचण्यांत काहीच परिणाम नसतानाही निदान एक ‘यशस्वी’ निघण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा मूळ ९७ टक्के निष्कर्ष लक्षणीय होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच उरले. म्हणून दहाही निकाल तक्त्यात द्या. आधी ठरवलेलं विश्लेषण बदललं असेल तर काय बदललं आणि का, तेही लिहा.

आता डेटा. “मागितल्यास देऊ” हे वाक्य टाळा, कारण दोन वर्षांनी ईमेलला उत्तर द्यायला कुणी नसतं. पण घाईने फाइल उघडी टाकणं त्याहून वाईट. निफाड तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदारांच्या ताणाची एक फाइल मी नावं काढून तयार केली होती. गाव, वय, बागेचे एकर मात्र तसेच होते. तिकडच्याच एका सहकाऱ्याने दोन ओळी वाचून माणूस ओळखला. फाइल बाहेर गेली नव्हती, तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. गावाऐवजी तालुका द्या, वयाऐवजी वयोगट, आणि एकर गाळा. संमतीपत्रात ‘ओळख काढलेली माहिती इतर संशोधकांना दिली जाईल’ हे मराठीत, समजेल असं हवं. नसेल तर नैतिकता समितीकडे जा; तोवर निदान विश्लेषणाचा कोड आणि चलांची (मोजलेल्या गोष्टींची) यादी तरी खुली ठेवा.

प्रश्नावलीचं मराठी रूपही जोडा. “समुपदेशन दिले” एवढ्याने कुणालाच ते पुन्हा करता येत नाही: कोणी, किती सत्रं, किती वेळ, हे लिहा. त्यासाठी २०१४ ची १२ मुद्द्यांची टायडिअर (TIDieR) यादी आहे.

पाठवण्याआधी नियतकालिक कोणती पातळी मागतं ते पाहा. नियतकालिकांसाठीच्या पारदर्शकतेच्या २०१५ च्या टॉप (TOP) तत्त्वांत पहिल्या पातळीला डेटा उपलब्ध आहे की नाही, असल्यास कुठे, एवढं सांगावं लागतं, दुसऱ्या पातळीला तो विश्वासार्ह भांडारात ठेवावाच लागतो, तिसऱ्या पातळीला तुमचे आकडे छपाईआधी दुसरं कुणी पुन्हा काढून पाहतं.