चमचा उभा राहील असा केळ्याचा स्मूदी बाऊल

स्मूदी बाऊल हा पेल्यातून प्यायचा नव्हे, तर वाडग्यातून चमच्याने खायचा पदार्थ आहे आणि त्याची सारी लज्जत घट्टपणात आहे. ब्राझीलमध्ये आसाई नावाच्या जांभळ्या फळाचा गोठवलेला गर घुसळून, त्यावर केळ्याच्या चकत्या आणि ग्रॅनोला, म्हणजे ओट्स व सुकामेवा गोडवा घालून भाजलेले कुरकुरीत मिश्रण, घालून तो वाडग्यातून खातात. आज ठिकठिकाणी होणारे स्मूदी बाऊल बरेचसे त्याच वळणाचे आहेत. आसाई आपल्या बाजारात सहज मिळत नाही, पण त्यावाचून काही अडतही नाही, कारण घट्ट आणि मुलायम पोत देण्याचे काम गोठवलेले केळे एकट्याने करते. घरी केलेला बाऊल पातळ होतो तो बहुतेक वेळा दूध जास्त पडल्यामुळे किंवा केळी पुरती न गोठल्यामुळे, आणि मग हाती उरतो तो निव्वळ थंड मिल्कशेक. सकाळी मिक्सर लावण्याचे काम पाच-सात मिनिटांचे आहे. खरी तयारी आदल्या दिवशी करावी लागते.

केळी कोणती घ्यावीत

ज्या जळगावच्या केळ्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तशी लांब आणि गराने भरलेली केळी यासाठी उत्तम. वेलची केळीही चालतात. त्यांचा वास आणि किंचित आंबटगोड चव फार छान उतरते, मात्र ती लहान असल्याने एका बाऊलसाठी चार-पाच तरी घ्यावी लागतात. राजेळी केळी सुकेळ्यांसाठी किंवा शिजवून खाण्यासाठीच राखून ठेवावीत.

जातीपेक्षाही महत्त्वाचा आहे तो पिकलेपणा. साल पूर्ण पिवळी होऊन तिच्यावर तपकिरी ठिपके उठलेले असावेत, देठाशी हिरवेपणा उरलेला नसावा आणि केळे दाबल्यावर बोटाला मऊ लागावे. केळे पिकते तसे त्यातल्या पिष्टाचे साखरेत रूपांतर होत जाते, आणि ही साखर गोडीबरोबर आणखी एक काम करते: तिच्यामुळे गरातले सगळे पाणी कडक बर्फ होत नाही, म्हणून गोठलेले केळे घुसळल्यावर आइस्क्रीमसारखे मऊसूत होते. बाजारातून आणलेली केळी पुष्कळदा वरून पिवळीधमक दिसतात, पण आतून कच्चीच असतात. अशी केळी गोठवली तर बाऊल तुरट आणि पिठूळ लागतो, आणि फ्रीजरमध्ये केळे पुढे पिकत नसल्यामुळे तो दोष नंतर दूर करता येत नाही. त्यामुळे केळी आणून दोन-तीन दिवस स्वयंपाकघरातच बाहेर ठेवावीत, ठिपके येऊ द्यावेत आणि मगच पुढच्या कामाला लागावे.

आदल्या दिवशी गोठवणे

केळी आधी सोलावीत, कारण सालीसकट गोठवलेल्या केळ्याची साल नंतर सुटता सुटत नाही. एका बाऊलसाठी दोन मध्यम केळी, म्हणजे सोलून साधारण २०० ग्रॅम गर, पुरतो. त्याच्या एक ते दीड सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात. अख्खे केळे गोठवले तर घरगुती मिक्सरच्या पात्यांना ते फोडता येत नाही आणि मोटारीवर विनाकारण ताण येतो. सपाट ताटलीत बटर पेपर अंथरून चकत्या एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मांडाव्यात आणि ताटली दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवावी. चकत्या कडक झाल्या की घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. एवढी खटपट टाळून त्या थेट पिशवीत कोंबल्या, तर सकाळी हाती दगडासारखा एकच गोळा येतो.

डब्यात भरलेल्या चकत्या रात्रभर तशाच राहू द्याव्यात. फ्रीजरचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. एकाच दाराच्या फ्रीजमधला छोटा बर्फाचा कप्पा अनेकदा इतका थंड होत नाही. तसे असेल तर थंडाव्याचे बटण वाढवून डबा अगदी मागच्या बाजूला ठेवावा. त्याच कप्प्यात मासळी असेल तर डब्याचे झाकण पक्के आहे ना, हे आवर्जून पाहावे, कारण केळे वास लगेच धरते. चकत्या महिनाभर चांगल्या राहतात. त्या थोड्या काळपट पडल्या तरी खराब झाल्या असे नाही. रंग जपायचा असल्यास गोठवण्यापूर्वी वरून लिंबाचे चार थेंब शिंपडावेत. वीज बराच वेळ जाऊन चकत्या सुटून ओल्या झाल्या असतील, तर त्या पुन्हा गोठवू नयेत, शिकरणात वापरून टाकाव्यात.

दूध किती आणि चक्का कशासाठी

२०० ग्रॅम चकत्यांना दोन मोठे चमचे चक्का आणि तीन मोठे चमचे थंड दूध हे प्रमाण धरावे. चक्का म्हणजे श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगून त्यातले पाणी निथळून करतो तोच. साध्या दह्यातले पाणी बाऊल सैल करते. चक्क्याने मात्र तो घट्ट राहतो, त्याला हलका आंबटपणा येतो आणि केळ्याची एकसुरी गोडी मोडते. साखर मुळीच घालू नये. बर्फाचे खडेही घालू नयेत, कारण ते वितळले की बाऊलच्या तळाशी पाणी साचते. आयुर्वेदात केळे आणि दूध हा विरुद्ध आहार मानला आहे. तो नियम पाळणाऱ्यांनी चक्का आणि दूध या दोन्हींऐवजी नारळाचे पहिले दाट दूध पाच चमचे घ्यावे, त्यानेही पोत सुरेख येतो.

मिक्सरमध्ये फिरवणे

वाडगा आधीच दहा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवून द्यावा. चकत्या बाहेर काढून तीन-चार मिनिटे ओट्यावर राहू द्याव्यात. त्यांच्या कडा किंचित मऊ झाल्या की पाती त्यांना चांगली पकडतात. एका माणसापुरते करायचे असेल तर मोठ्या भांड्याऐवजी चटणीचे भांडे घ्यावे, कारण त्याचा तळ लहान असल्याने चकत्या पात्यांपासून दूर पळत नाहीत. तळाशी दूध आणि चक्का, वर चकत्या, असा क्रम ठेवावा आणि भांडे अर्ध्याहून फार अधिक भरू नये.

मिक्सर सलग चालवू नये. दोन-तीन सेकंद फिरवून थांबावे, बटण बंद करून झाकण उघडावे, कडेला चिकटलेले मिश्रण चमच्याने खाली लोटावे आणि पुन्हा फिरवावे. सुरुवातीला भांड्यात ओलसर, रवाळ भुगा दिसतो आणि पाती नुसतीच फिरल्याचा आवाज येतो. नेमक्या याच वेळी आणखी दूध ओतण्याचा मोह होतो आणि बाऊल बिघडतो तो इथेच. दूध न घालता आणखी पाच-सहा वेळा तसेच फिरवत राहावे. भुग्याचे गोळे होतात, गोळे एकत्र येतात, आणि मग अचानक आवाज बदलून सगळे मिश्रण तुकतुकीत, एकजीव होते. इतके करूनही पाती अडलीच तर दूध एकेक छोटा चमचा घालावे. मिक्सर मध्येच बंद पडला तर तो बिघडला असे समजू नये. बहुतेक मिक्सरच्या तळाशी मोटार जपणारे एक लाल बटण असते, प्लग काढून मोटार गार होऊ द्यावी आणि मग ते दाबावे.

मिश्रण एकजीव होताच थांबावे, कारण त्यापुढे पात्यांच्या उष्णतेने ते पातळ होऊ लागते. चमचा रोवल्यावर तो कलंडला नाही आणि वर टाकलेला डाळिंबाचा दाणा बुडाला नाही, तर बाऊल जमला.

वर काय घालावे

मिश्रण थंड वाडग्यात काढून चमच्याच्या पाठीने पसरावे. खाली सगळे मऊ असल्याने वर कुरकुरीत काहीतरी हवेच. बाजारच्या ग्रॅनोलात साखर बरीच असू शकते. त्याऐवजी राजगिऱ्याच्या लाह्या, भाजून भरड केलेले शेंगदाणे, जवस आणि सुक्या खोबऱ्याचा कीस मला अधिक पसंत आहे. लाह्या अगदी शेवटी घालाव्यात, नाहीतर त्या चिवट होतात. भिजवलेला सब्जा घालायचा असल्यास पाणी पूर्ण निथळून घ्यावा.

आंब्याच्या दिवसांत निम्म्या केळ्याच्या जागी हापूसच्या गोठवलेल्या फोडी घ्याव्यात. चिकूही तसाच चालतो. कच्ची पपई किंवा अननस मात्र चक्क्याबरोबर फिरवू नये, कारण त्यांतली पाचक द्रव्ये दुधातली प्रथिने फोडतात आणि थोड्याच वेळात मिश्रण कडवट होते. मधुमेह असणाऱ्यांनी दोन पिकल्या केळ्यांचा हा बाऊल रोजच्या न्याहारीत घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

बाऊल वाढल्यानंतर दहा मिनिटांच्या आत खाल्लेला चांगला. उरलेले मिश्रण डब्यात भरून पुन्हा गोठवले तर ते कडक होते आणि चमचा शिरत नाही, म्हणून ते लगेच कुल्फीच्या साच्यांत भरून काड्या खोचून ठेवावे, म्हणजे दुपारी मुलांना खाता येते.