जावा वेब ॲप्लिकेशनची डेटाबेसशी जोडणी होत नाही तेव्हा

जावा वेब ॲप्लिकेशनवर काम सुरू केले तेव्हा माझे पहिले दोन दिवस एकाच एररमध्ये गेले. जोडणी तपासणारा छोटा प्रोग्रॅम एक्लिप्समध्ये (कोड लिहिण्याच्या साधनात) नीट चालत होता, पण तोच कोड टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवर गेला की 'क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन' (हवा तो क्लास सापडला नाही) येत होते. मी पासवर्ड बदलला, पोर्ट बदलला, मायएसक्यूएल हा डेटाबेसही पुन्हा इन्स्टॉल केला. वास्तविक त्या एररचा यांपैकी कशाशीच संबंध नव्हता. शेवटी वॉर फाइल (सर्व्हरवर चढवायचे ॲप्लिकेशनचे पॅकेज) झिपसारखी उघडून वेब-इन्फमधला लिब फोल्डर पाहिला, तर त्यात ड्रायव्हरची जार, म्हणजे जावाला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी फाइल, नव्हतीच. मी ती फक्त एक्लिप्सच्या बिल्ड पाथमध्ये (तिथे कोड वापरतो त्या लायब्ररींच्या यादीत) जोडली होती आणि वॉर तयार होताना ती मागेच राहिली होती.

म्हणून नवोदितांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की काहीही बदलण्याआधी लॉगमधील सर्वांत खालची 'कॉज्ड बाय' ही ओळ वाचावी. तिथे 'नो सूटेबल ड्रायव्हर' असेल, तर यूआरएलची (कोडमध्ये दिलेल्या डेटाबेसच्या पत्त्याची) सुरुवात चुकली आहे किंवा ड्रायव्हरची नोंदणी झालेली नाही. जावा ६ पासून ही नोंदणी आपोआप होते खरी, पण टॉमकॅट चालू होताना ती एकदाच होत असल्यामुळे ॲप्लिकेशनच्या लिबमधला ड्रायव्हर त्यातून सुटतो, आणि मग ड्रायव्हर लोड करणारे 'क्लास.फॉरनेम' स्वतः लिहावे लागते. डेटासोर्स (कोडला कनेक्शन पुरवणारा घटक) टॉमकॅटकडूनच घेत असाल, तर जार टॉमकॅटच्या स्वतःच्या लिब फोल्डरमध्ये हवी, कारण पूल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनचा साठा, टॉमकॅट तयार करतो.

'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर' आले, तर लायब्ररी ठीक आहे. होस्ट, फायरवॉल आणि पोर्ट (मायएसक्यूएलचा नेहमीचा ३३०६) तपासावेत. 'ॲक्सेस डिनाइड' पाहून अनेक जण घाबरतात. मला मात्र ती एरर दिलासा देणारी वाटते, कारण आपण सर्व्हरपर्यंत पोहोचलो आहोत हे तिच्यावरून निश्चित होते. मायएसक्यूएलमध्ये खाते म्हणजे युजरनेम आणि होस्ट यांची जोडी असते, त्यामुळे लोकलहोस्टसाठी दिलेला अधिकार दुसऱ्या मशीनवरून चालत नाही.

एक अडचण मात्र उशिरा दिसते. टॉमकॅटच्या नेहमीच्या पूलमध्ये वेगळे काही न सांगितल्यास एका वेळी जास्तीत जास्त ८ कनेक्शन वापरता येतात. कोडमध्ये ती बंद करायची राहिली, तर नववी रिक्वेस्ट कोणतीही एरर न देता नुसती ताटकळत राहते. कनेक्शन 'ट्राय-विथ-रिसोर्सेस'मध्ये (काम संपताच ते आपोआप बंद करणाऱ्या जावाच्या रचनेत) उघडले, की ते प्रत्येक वेळी पूलकडे परत जाते.